कुवत कशी वाढवावी : छोट्या संस्था चालवणाऱ्यांसाठी

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्रातल्या खेळाडूला ऑलिंपिकचे पुढचे वैयक्तिक पदक मिळाले ते २०२४ साली पॅरिसमध्ये, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांना, आणि तेही नेमबाजीत. मधल्या ७२ वर्षांत कोल्हापूर-साताऱ्याकडे दमाचे पैलवान जन्मलेच नाहीत, असे तिथल्या एखाद्या तालमीच्या दारावरून एकदा गेलेला माणूसही म्हणणार नाही. गुण मुबलक होते. गुण हेरून त्याला वर्षानुवर्षे पोसणारी, परदेशी मैदानापर्यंत पोचवणारी आणि तिथून शिकून आलेले गावी परत आणणारी व्यवस्था नव्हती. ती नव्हती म्हणूनच हेलसिंकीच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांना स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे करावे लागले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मला मात्र ती ऐकताना दर वेळी थोडी लाज वाटते, कारण एका शिक्षकाच्या घरावर देशाचे पदक तारण होते, असा तिचा सरळ अर्थ होतो.

पुढील मजकूर गावातली पतसंस्था, शाळा, वाचनालय, दूध संस्था, तालीम किंवा बचत गट चालवणाऱ्यांसाठी लिहिला आहे. सहकारी संस्थांची दप्तरे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली, आणि त्या काळात ‘आमच्याकडे माणसेच नाहीत’ हे वाक्य मी प्रत्येक तालुक्यात ऐकले. माणसे असतात, त्यांना घडवण्याचे काम कोणाच्या नावावर लिहिलेले नसते. व्याख्यानांनी आणि भिंतीवरच्या सुविचारांनी कुवत वाढत असती, तर आपल्या शाळा केव्हाच जगात पहिल्या आल्या असत्या. कुवत वाढते ती जबाबदारी अंगावर पडल्याने, आणि ती पेलत असताना पाठीशी कोणीतरी उभे असल्याने. व्यक्तीला हे जेवढे लागू पडते तेवढेच संस्थेला आणि देशालाही लागू पडते, म्हणून खाली उदाहरणे तिन्हींची घेतली आहेत. कृती मात्र संस्थेच्या मापाच्या ठेवल्या आहेत.

आधी मोजदाद करावी

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे नाव जलसंधारणासाठी घेतले जाते, आणि पाहुणे तिथले बांध, चर आणि झाडी पाहून परततात. त्या गावाचे खरे यश मला वहीत दिसते. पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती आहे, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, हे मोजून गाव दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यानुसार रब्बीला काय पेरायचे ते ठरवते. उसासारखे पाणी पिणारे पीक घ्यायचे नाही आणि शेतीसाठी बोअर मारायची नाही, हे निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतले. सरासरीने जेमतेम चारशे मिलिमीटर पाऊस असलेल्या गावाला ते पाळता आले, कारण आकडा सगळ्यांसमोर होता आणि तो कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता.

संस्थेतही सुरुवात अशाच वहीने करावी. एक साधी दोनशेपानी वही घ्यावी आणि संस्थेत वर्षभरात होणारे प्रत्येक काम, मग ते कितीही किरकोळ वाटो, एकेका ओळीत लिहावे: कीर्द लिहिणे, रोकड मोजणे, थकबाकीदाराकडे जाणे, सभेचे इतिवृत्त लिहिणे, बँकेत भरणा करणे, लेखापरीक्षकाला कागद काढून देणे, सरकारी कचेरीतला पत्रव्यवहार, संगणकावरची नोंद, कार्यक्रमाची मांडामांड. प्रत्येक कामापुढे तीन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात ते काम एकट्याने नीट करू शकणाऱ्यांची नावे, दुसऱ्यात कोणी शेजारी बसले तर करू शकणाऱ्यांची, आणि तिसऱ्यात ते शिकण्याची इच्छा बोलून दाखवणाऱ्यांची. पदवी, जात, नाते आणि पद यांपैकी काहीही या वहीत लिहू नये. फक्त काम आणि ते कोणाला येते एवढेच लिहावे.

वही भरायला आठ-दहा दिवस लागतात आणि ती भरताना कुरबुर होते, कारण आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे लिहून द्यायला कोणालाच आवडत नाही. त्यासाठी पहिले पान अध्यक्षांनी किंवा मुख्याध्यापकांनी स्वतःचे भरावे आणि त्यात आपल्याला न येणारी किमान चार कामे प्रामाणिकपणे लिहावीत. मग बाकीच्यांची लेखणी मोकळी होते.

भरलेल्या वहीत आधी कुठे पाहायचे, तर ज्या कामांपुढे पहिल्या रकान्यात एकच नाव आहे तिथे. तो माणूस लग्नकार्यासाठी आठ दिवस गावी गेला तर ते काम थांबते का, हे विचारावे. थांबत असेल, तर ती कुवत त्या माणसाची आहे, संस्थेची नाही. बहुतेक संस्थांमध्ये असे एक अण्णा किंवा एक बाई असतातच, ज्यांच्या डोक्यात सगळे दप्तर असते आणि ज्यांच्या निष्ठेबद्दल निरोपसमारंभात डोळे पाणावतात. त्यांची निष्ठा खरी असते. पण तीस वर्षांत त्यांच्या हाताखाली दुसरा कोणी तयार झाला नाही, ही चूक त्यांच्याइतकीच त्या निष्ठेवर निवांत झोपलेल्या मंडळाचीही असते.

पेलेल त्याहून थोडे जड काम द्यावे

खाशाबांची १९४८ ते १९५२ ही चार वर्षे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. लाल मातीत वाढलेला मल्ल तिथे गादीवर, वेगळ्या नियमांनी आणि वेगळ्या गुणपद्धतीने लढला. हरण्यासारखे तिथे पुष्कळ होते आणि नेमके काय शिकायचे, हे त्या हरण्यातूनच कळले. पुढची चार वर्षे त्या उणिवांवर मेहनत करून, वरच्या वजनगटात उतरून, त्यांनी पदक आणले. सहाव्या क्रमांकानंतर ‘एवढेच जमते’ असे म्हणून कोणी त्यांना घरी बसवले नाही, आणि पहिल्याच वेळी ‘सुवर्ण आण’ असेही कोणी सांगितले नव्हते.

माणसाला त्याच्या आजच्या ताकदीच्या थोडे पुढचे काम द्यावे, हे सूत्र प्रत्येक वस्ताद जाणतो. नव्या पोराला तो पहिल्या दिवशी तालमीतल्या सगळ्यांत तगड्या गड्याशी लावत नाही आणि वर्षभर लहान्यांशीच खेळवतही नाही. संस्थेत नेमके उलट घडते. नवा कारकून दोन वर्षे नुसत्या पावत्या फाडतो आणि वरिष्ठ एकदम आजारी पडले की त्याच्यापुढे वार्षिक ताळेबंद येऊन आदळतो. ताळेबंद चुकला की ‘याच्यात दम नाही’ असा शेरा बसतो.

त्याऐवजी वहीतले एक काम आणि दुसऱ्या रकान्यातला एक माणूस यांची जोडी लावावी आणि काम चार टप्प्यांत हाती द्यावे. पहिल्यांदा तो शेजारी बसून पाहील. दुसऱ्यांदा काम तो करील आणि जाणकार शेजारी बसेल, पण हात लावणार नाही; बोलावे लागले तर बोलेल. तिसऱ्यांदा तो एकटा करील आणि पूर्ण झाल्यावर दाखवील. चौथ्यांदा तो ते काम तिसऱ्या रकान्यातल्या कोणाला तरी शिकवील. चौथा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे, कारण आपल्याला काय समजलेले नाही हे शिकवायला बसल्यावरच कळते. दर महिन्याला होणारे काम असेल तर चार टप्प्यांना चार महिने पुरतात. वर्षातून एकदाच होणाऱ्या कामासाठी मात्र मागच्या वर्षाचे कागद काढून सराव करून घ्यावा, नाहीतर चार वर्षे जातील.

जबाबदारीसोबत तीन गोष्टी द्याव्याच लागतात: वेळ, पैसा आणि अधिकार. नव्या वसुली अधिकाऱ्याला थकबाकीदाराकडे पाठवायचे, पण हप्ता पंधरा दिवस पुढे ढकलण्याचा अधिकारही त्याला द्यायचा नाही, अशाने तो फक्त निरोप्या होतो. अधिकाराची मर्यादा ठरावात लिहावी, म्हणजे त्यालाही भीती राहत नाही आणि मंडळालाही. अमुक रकमेपर्यंत त्याचा निर्णय चालेल, त्यावर सचिवांना विचारावे, असे स्पष्ट शब्द असावेत. हेलसिंकीत खाशाबांना एका लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता लगेच पुढच्या लढतीला उभे राहावे लागले आणि नियम दाखवून भांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी नव्हता, असे नेहमी सांगितले जाते. गडी तयार असून त्याच्या मागे कोणी उभे नसले की काय होते, ते यावरून समजावे.

माणूस निवडताना एक सावधगिरी बाळगावी. सभेत हात वर करून बोलणारा माणूस डोळ्यांत भरतो, आणि मागच्या रांगेत बसून सगळे हिशेब तोंडपाठ असलेली बाई राहून जाते. बचत गटांत अध्यक्षपद आणि खजिनदारपद दर दोन-तीन वर्षांनी फिरते ठेवण्याची रीत जिथे खरोखर पाळली जाते, तिथे अंगठा उठवणाऱ्या बाया बँकेच्या व्यवस्थापकासमोर खुर्ची ओढून बसताना मी पाहिल्या आहेत. जिथे ती कागदावरच पाळली जाते, तिथे पंधरा वर्षांनीही सह्या एकाच घरातल्या असतात.

शिकवणारे आधी तयार करावेत

भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. बहुजनांच्या मुलांसाठी शाळा हव्यात, हे त्या काळी बोलणारे इतरही होते. भाऊरावांचे वेगळेपण त्यांनी कामे कोणत्या क्रमाने केली त्यात आहे. साताऱ्याला त्यांनी १९२४ साली वसतिगृह काढले, ज्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करून जेवत आणि राबत. १९३५ साली त्यांनी शिक्षक घडवणारे अध्यापक विद्यालय काढले. खेड्यापाड्यांत शाळांचे जाळे विणले गेले ते त्यानंतर, आणि साताऱ्याचे कॉलेज निघाले १९४७ साली. आधी मुलांना राहायला जागा, मग शिकवणारा माणूस, मग शाळा, अशी ती मांडणी होती. आज आपण आधी इमारत बांधतो, मग तिच्या कोनशिलेवरून वाद घालतो आणि शिक्षकांच्या भरतीचे नंतर पाहू म्हणतो.

या कामाची मुळे आणखी मागे जातात. भाऊराव स्वतः कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले होते. वेगवेगळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढण्याचे काम राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून हाती घेतले होते आणि त्या वातावरणात हा तरुण वाढला. शाहूंची वसतिगृहे समाजवार होती; भाऊरावांनी सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. म्हणजे एका वसतिगृहाच्या अनुभवातून दुसरे निघाले आणि निघताना ते सुधारूनही निघाले.

याच क्रमाचे दुसरे उदाहरण जपानमधले आहे आणि मला ते फार आवडते. मेईजी सम्राटांच्या सरकारने १८७२ साली तोमिओका येथे वाफेवर चालणारी रेशमाची सूतगिरणी उभारली. यंत्रे फ्रान्सची, मुख्य तंत्रज्ञ पॉल ब्रुना फ्रेंच, आणि सूत काढायला शिकवणाऱ्या बायकाही तिकडूनच आणलेल्या. अडचण अशी आली की गिरणीत कामाला मुलीच येईनात, कारण परदेशी लोक रक्त पितात अशी अफवा पसरली होती. ते पीत असलेली तांबडी वाइन लोकांनी रक्त समजली. तेव्हा गिरणीचे जपानी प्रमुख ओदाका यांनी आपल्या स्वतःच्या मुलीला पहिली कामगार म्हणून दाखल केले, आणि मग इतर घरांतल्या मुली येऊ लागल्या. पुढे जे झाले ते अधिक महत्त्वाचे आहे. ही गिरणी केवळ सूत काढण्यासाठी काढलेली नव्हती. तिथे शिकलेल्या मुलींनी आपापल्या प्रांतात परत जाऊन नव्या गिरण्यांत इतरांना शिकवावे, असा हेतू पहिल्यापासून होता. योकोता एई नावाची मुलगी मात्सुशिरोहून १८७३ साली तिथे गेली, कला शिकली आणि पुढच्याच वर्षी आपल्या गावी निघालेल्या गिरणीत शिक्षिका म्हणून उभी राहिली. जिथे फ्रेंच यंत्रांचा खर्च परवडण्यासारखा नव्हता, तिथे लोकांनी लाकूड आणि चिनी माती वापरून तीच यंत्रे स्वस्तात घडवली. एकट्या तोमिओकाच्या नफ्यातोट्यावरून तिची किंमत कोणी ठरवली असती, तर तो हिशेब चुकला असता.

यातून संस्थेने घ्यायचा नियम सोपा आहे. कोणालाही प्रशिक्षणाला पाठवताना, परत आल्यावर तो किमान दोघांना शिकवील आणि शिकवल्याची नोंद वहीत होईल, अशी अट आधीच घालावी. ती मान्य नसेल तर दुसऱ्याला पाठवावे. जिल्ह्याच्या ठिकाणी तीन दिवसांचे शिबिर, चहा-नाश्ता, फाइल आणि प्रमाणपत्र, आणि परतल्यावर फाइल कपाटात, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की कपाटाची जाडी पाहून संस्थेने किती शिबिरे वाया घालवली याचा अंदाज मला येतो. शिकून आलेल्याने पहिल्या आठवड्यातच, विस्मरण होण्याआधी, आपल्या भाषेत दोन पाने लिहून काढावीत. त्यात ‘हे बटण दाबावे, मग हा रकाना भरावा, ही चूक हमखास होते’ इतका तपशील असावा. छापील पुस्तिकेपेक्षा ती दोन पाने अधिक काळ वापरली जातात.

बाहेरचा जाणकार आणताना त्याच्या जाण्याची तारीख ठरवावी

बाहेरून मदत घेण्यात कमीपणा नाही. मेईजी काळातल्या जपानने शेकडो परदेशी तज्ज्ञ नेमले आणि त्यांतल्या काहींचा पगार जपानी मंत्र्यांपेक्षाही जास्त होता. पण करार मुदतीचे असत आणि त्या मुदतीत आपली माणसे तयार करून जागा भरायची, हे धोरण होते. तोमिओकात ब्रुना आणि त्यांचे सहकारी १८७५ अखेरपर्यंत राहिले, मग गिरणी जपान्यांनी चालवली. त्याच काळात १८७१ ते १८७३ या दोन वर्षांत सरकारातले निम्मे वरिष्ठ नेते इवाकुरा यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका आणि युरोप पाहायला गेले होते. त्यांच्यासोबत पाठवलेल्या विद्यार्थ्यांत पाच मुली होत्या आणि त्यांतली त्सुदा उमेको अवघी सहा वर्षांची होती. ती अकरा वर्षांनी परतली आणि १९०० साली तिने मुलींसाठी उच्च शिक्षणाची संस्था काढली. २०२४ पासून जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचे चित्र आहे. देशाने लावलेल्या रोपाला फळ यायला एकोणतीस वर्षे लागली. पाच वर्षांच्या मंडळाला एवढा धीर नसतो, हे मान्य; तरी मंडळाच्या मुदतीनंतर फळ देणारे एखादे तरी काम प्रत्येक मंडळाने सुरू करावे.

मुदत न ठरवल्याने काय होते, ते एका पतसंस्थेत मी जवळून पाहिले. संस्थेने संगणक प्रणाली घेतली आणि ती बसवून देणारा तरुण दर महिन्याला येऊन दुरुस्ती करून जात असे. सहा वर्षांनी तो दुसऱ्या शहरात गेला, तेव्हा लक्षात आले की मुख्य पासवर्ड त्याच्याकडेच आहे, विदा (डेटा) बाहेर कसा काढायचा हे कोणालाच माहीत नाही आणि करारात त्याबद्दल एक ओळही नाही. त्या वर्षीचे लेखापरीक्षण पाच महिने लांबले. दोष त्या तरुणाचा नव्हता. त्याने मागितलेले पैसे संस्थेने दिले होते आणि संस्थेने मागितलेले काम त्याने केले होते. शिकवून जा, असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून बाहेरच्या जाणकाराशी करार करताना चार गोष्टी लिहून घ्याव्यात: तो किती महिन्यांनी जाणार, त्याच्या हाताखाली संस्थेतले कोणते दोघे शिकणार, जाण्यापूर्वीचा शेवटचा महिना ते दोघे काम करतील आणि तो फक्त पाहील, आणि सगळे पासवर्ड, आराखडे व चाव्या कोणत्या तारखेला संस्थेच्या ताब्यात येतील. मानधनाचा शेवटचा हप्ता या तिसऱ्या आणि चौथ्या गोष्टीशी बांधावा.

चुकीची नोंद ठेवावी, चुकणाऱ्याची नव्हे

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबा येथून सुटलेले पहिले रॉकेट अमेरिकन बनावटीचे होते. चार वर्षांनी तिथूनच भारतीय बनावटीचे छोटे रोहिणी रॉकेट सुटले. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या उपग्रह प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण फसले आणि यान बंगालच्या उपसागरात पडले; दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतल्या झडपेतून झालेली गळती हे कारण निघाले. प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम होते. त्या दिवशी पत्रकारांसमोर इस्रो या अवकाश संशोधन संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी घेतली. १८ जुलै १९८० रोजी पुढचे उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केले. हा प्रसंग कलाम अनेकदा सांगत आणि तो नेतृत्वाचा आदर्श म्हणून सांगितला जातो. तो आहेच. त्याखेरीज, झडपेतली गळती अकरा महिन्यांत सापडून दुरुस्त झाली, हे लोक सांगायचे विसरतात. वरच्याने बोलणी अंगावर घेतली की खालच्यांना दोष लपवण्यात वेळ घालवावा लागत नाही, हा त्या मोठेपणाचा व्यावहारिक उपयोग आहे.

संस्थेत चूक झाली की आठ दिवसांच्या आत अर्ध्या तासाची बैठक घ्यावी. काय घडायला हवे होते, प्रत्यक्षात काय घडले, ते केव्हा लक्षात आले आणि त्याआधी कोणत्या टप्प्यावर येऊ शकले असते, एवढेच विचारावे आणि उत्तरे त्याच वहीच्या मागच्या पानांत लिहावीत. नाव लिहू नये. अफरातफर ही चूक नव्हे. तिला वेगळा मार्ग आहे आणि तो कायद्यात दिलेला आहे. दोन्हींची गल्लत केली की प्रामाणिक माणसे घाबरतात आणि लबाडांना आडोसा मिळतो.

पैशाची सोय त्यागावर ठेवू नये

रयतच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही विकले. त्या माउलीपुढे हात जोडावेत, पण संस्थेची आर्थिक पद्धत म्हणून या गोष्टीकडे पाहू नये. भाऊरावांनीही तसे पाहिले नाही. मुलांनी श्रम करून शिकावे अशी ‘कमवा आणि शिका’ची रचना त्यांनी बसवली आणि ‘स्वावलंबी शिक्षण’ हे संस्थेचे ब्रीद केले. वार्षिक अंदाजपत्रकात माणसे घडवण्यासाठी स्वतंत्र शीर्ष ठेवावे, रक्कम लहान असली तरी चालेल, आणि ती मार्चअखेर इतर खर्चाकडे वळवायची असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल अशी अट घालावी.

देशाच्या बळावर काय मागावे

काही गोष्टी संस्थेच्या आवाक्याबाहेर असतात आणि त्या राज्यकर्त्यांकडून मागाव्याच लागतात. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण आधी १८९३ साली अमरेली भागात सुरू केले, तिथल्या अडचणी पाहिल्या आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानाला लागू केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली असाच कायदा केला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. एखादी शिक्षणसंस्था कितीही मोठी झाली तरी तिला पालकांना दंड करता येत नाही. सयाजीरावांनी तेरा वर्षे एका भागात अनुभव घेतला, ही पद्धत आपल्यालाही उचलता येते: नवी व्यवस्था सर्व शाखांत एका दिवशी लागू करण्याऐवजी एका शाखेत वर्षभर चालवून पाहावी.

स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडले आणि त्यांना रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी होती. म्हणजे लहान वयात हेरणारे कोणी होते आणि मोठेपणी पोटाची चिंता वाहणारे कोणी होते. तालमी, वाचनालये आणि शाळा चालवणाऱ्यांनी अशा योजनांची यादी आपल्या सूचनाफलकावर कायम लावलेली असावी, आणि दर वर्षी त्यांतल्या एका तरी योजनेसाठी गावातला मुलगा किंवा मुलगी पाठवण्याचे काम मंडळातल्या एका सदस्याच्या नावावर नोंदवावे. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवावे’ असा ठराव केला, तर कोणीच लक्ष ठेवत नाही.

वर्षाने वही पुन्हा उघडावी

पहिली वही भरून बरोबर एक वर्ष झाले की त्याच तारखेला, शक्य तर सर्वसाधारण सभेच्या आधी, तीच पाने पुन्हा नव्याने भरावीत आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्यात. एकच नाव असलेल्या कामांची संख्या किती कमी झाली, हाच आकडा अहवालात छापावा. पहिल्या वर्षी चाळीस कामांपैकी पाच-सहा कामांना दुसरे नाव मिळाले तर ते चांगले समजावे; यापेक्षा वेगाने होत असेल तर चौथा टप्पा खरोखर झाला का, हे तपासावे.

त्यानंतर एक परीक्षा घ्यावी. ज्याच्या नावावर सर्वांत जास्त कामे आहेत त्याला पंधरा दिवस सक्तीची रजा द्यावी, त्याचा फोन त्या काळात कोणी लावू नये असे ठरवावे, आणि तो परतल्यावर काय अडले त्याची यादी करावी. बहुतेक ठिकाणी हा माणूस अध्यक्ष किंवा सचिव, म्हणजे हे वाचणारी व्यक्तीच, असतो. रजेच्या आदल्या दिवशी कपाटाच्या चाव्या, बँकेची पासबुके आणि शिक्का दुसऱ्याच्या हाती देऊन पोच घ्यावी, आणि चावीची एकही प्रत खिशात ठेवू नये.